परके ढालकिडे आणि संत्र्याचा पट्टा

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे झाले आणि त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कारभार भोपाळचा, बाजार बराचसा नागपूरचा, घरातली भाषा मराठी आणि वावरात कापूस नि संत्रा. पलीकडे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी. सातपुड्याच्या पायथ्याचा हा सगळा मुलूख म्हणजे एक सलग संत्रापट्टा. मधून राज्याची हद्द जाते, पण झाडाची जात, आंबिया आणि मृग बहार, ताण देण्याची रीत, किडींची नावे दोन्ही बाजूंना तीच. या पट्ट्यातले बागाईतदार आणि कीटकशास्त्र शिकणारी त्यांची मुले यांच्यासाठी लिहिलेल्या या पुस्तकाचा विषय मात्र प्रथमदर्शनी लांबचा वाटेल. मूळ मुलूख सोडून दुसरीकडे गेलेले ढालकिडे, त्यांचा वंश आणि त्यांचा फैलाव असा तो विषय आहे.

तो लांबचा नाही. माणसाने एका देशातला ढालकिडा ठरवून दुसऱ्या देशात नेला आणि त्याने एक पीक वाचवले, ही जगातली पहिली मोठी घटना संत्र्याच्याच बागेत घडली. शिवाय आपल्या बगीच्यात जे काही नांदते आहे त्यातले बरेचसे बाहेरून आलेले आहे. नागपुरी संत्राच घ्या. भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, रघुजीराजांनी तो औरंगाबादेकडून आणवला असे सांगतात. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तो पुरता नागपूरचा झालेला होता. कापसावरचा पिठ्या ढेकूण अमेरिकेतून आलेला. २००५ च्या आसपास तो भारतातल्या कापसावर उसळला तेव्हा त्याचे नावही शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. आणि हल्ली मित्रकीटक म्हणून भुंग्यांची पाकिटे विकत मिळतात. पाकिटातला भुंगा कोण, कुठला, किती पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेला, हे विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. ती लागावी यासाठी हे पुस्तक आहे, असे मी समजतो.

वरूड-मोर्शीच्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. त्या खऱ्या कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात संत्र्याचे बगीचे उपटून टाकायची पाळी आली होती. ऑस्ट्रेलियातून बाभळीच्या रोपांबरोबर आलेली एक पांढरी, कापसासारख्या पिशवीत अंडी घालणारी खवले कीड झाडेच्या झाडे वाळवत होती. शास्त्रीय नाव आयसेरिया पर्चेसी. अमेरिकेच्या कृषिखात्यातले कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी विचार केला की ही कीड तिच्या मायदेशी इतकी माजत नाही, तेव्हा तिथे तिला खाणारे कोणीतरी असले पाहिजे. खात्याला परदेश प्रवासावर पैसा खर्च करण्याची बंदी होती, म्हणून त्यांचे सहकारी अल्बर्ट कोबेले यांना मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी जाणाऱ्या मंडळींत सामील करून १८८८ मध्ये धाडले गेले. कोबेले यांना एक लालसर, काळ्या ठिपक्यांचा बारीकसा ढालकिडा सापडला, रोडोलिया कार्डिनालिस. नोव्हेंबर १८८८ ते जानेवारी १८८९ या काळात बोटीने आलेल्या खेपांमधून १२९ जिवंत भुंगे लॉस एंजेलिसला पोहोचले. वुल्फस्किल यांच्या बागेतल्या एका झाडावर तंबू ठोकून त्यात ते सोडले. जूनपर्यंत त्या एका बागेतून दहा हजारांहून अधिक भुंगे इतरांना वाटले गेले. वर्षभरात लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणारी संत्री ७०० वाघिणींवरून २००० वाघिणींवर गेली.

या गोष्टीचा पुढचा भाग फार कमी वेळा सांगितला जातो आणि आपल्याला तोच जास्त उपयोगी आहे. सुमारे सहा दशकांनंतर, १९४६-४७ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या बागांत डीडीटीचे फवारे सुरू झाले. रोडोलिया मेला, खवले कीड मात्र टिकली, आणि जी कीड लोक विसरले होते ती पुन्हा झाडांवर पांढरी दिसू लागली. फवारे बदलले, भुंगे परत सोडले, तेव्हा कुठे घडी बसली. पांढुर्ण्यात नवती फुटली की सिट्रस सिला आणि काळ्या माशीवर पहिला फवारा कधी नि कशाचा घ्यायचा, हा प्रश्न दर बहाराला पडतो. त्या नवतीवर सिलाची पिल्ले खाणारे आपले ढालकिडेही त्याच वेळी अंडी घालत असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी बराच फरक पडेल.

भारतातही आयसेरिया आली. १९२८ मध्ये निलगिरीत वॅटलच्या झाडांवर ती आढळली आणि १९२९-३० मध्ये रोडोलिया आणून तिच्यावर सोडला गेला. पण परदेशी ढालकिडा भारतात येण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८९८ मध्येच ऑस्ट्रेलियाचा क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी आणला होता. ज्या कामासाठी आणला ते त्याच्याकडून फारसे झाले नाही. दक्षिण भारतात तो पिठ्या ढेकणांवर मात्र टिकून राहिला आणि आज द्राक्षाच्या पट्ट्यात शेतकरी त्याला नावाने ओळखतो. १९८८ मध्ये सुबाभळीवर सिलासारखी एक कीड अचानक पसरली, तेव्हा मूळचा मध्य अमेरिकेकडचा निळसर काळा क्युरिनस थायलंडमार्गे बंगळुरूला आणला गेला. या सगळ्या आयाती सरकारी यंत्रणेच्या हातून, ठरावीक किडीसाठी झालेल्या आहेत. गाजर गवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा पुष्कळ जण याच यादीत घालतात. तो पानभुंग्यांच्या कुळातला आहे, ढालकिडा नव्हे. मावा किंवा पिठ्या तो खात नाही.

आणि वाहतूक एकतर्फी नाही. १९७० च्या दशकात सेरॅन्जियम नावाचा आपल्याकडचा इवलासा ढालकिडा भारतातून जॉर्जियात, काळ्या समुद्राकाठच्या लिंबूवर्गीय बागांत, पांढऱ्या माशीसाठी नेला गेला. सहा ठिपक्यांचा किंवा नागमोडी पट्ट्यांचा कायलोमिनिस सेक्समॅक्युलाटा कापसाच्या वावरात, चवळीवर, संत्र्याच्या नवतीवर कोणालाही सहज दिसेल. तो दक्षिण अमेरिकेत पोहोचला आहे. इक्वेडोरमध्ये तर तो लिंबूवर्गीय झाडांवर त्याच सिट्रस सिलाची पिल्ले खातो, जी इथे खातो. म्हणजे आपल्या बांधावरचा ओळखीचा किडा तिथल्या शास्त्रज्ञाच्या वहीत परका म्हणून नोंदला जातो. रब्बीत गव्हावर, करडईवर मावा खाणारा सात ठिपक्यांचा कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा याचेही तेच. अमेरिकेच्या कृषिखात्याने १९५६ ते १९७१ या काळात तो पुन्हा पुन्हा सोडला आणि तो रुजला नाही. १९७३ मध्ये मात्र न्यू जर्सीत त्याची नांदती वस्ती सापडली आणि तिथून तो सगळ्या खंडभर गेला.

आता वंशाकडे वळतो, कारण या पुस्तकाचा गाभा तिथे आहे आणि मला स्वतःला त्याने सर्वांत जास्त गुंतवले.

१२९ भुंग्यांच्या आकड्यापाशी थोडे थांबू. मूळ मुलखातल्या लाखो भुंग्यांमधून मूठभर उचलले की त्यांच्याबरोबर त्या जातीच्या जनुकांचा एक लहानसा हिस्साच जातो. पुढच्या पिढ्या भावा-बहिणींत, चुलत भावंडांत जुळत जातात. एरवी लपून राहणारे दोष दोन्हीकडून एकत्र येऊन उघडे पडतात. अंडी कमी, पिल्ले अशक्त, वाढ मंद. जनावरांची पैदास करणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. या हिशोबाने परक्या मुलखातली बहुतेक वस्ती काही पिढ्यांत संपायला हवी. खवले किडीची गोष्ट निराळी. आयसेरियाच्या मादीच्या अंगातच नराचे बीज तयार होते, ती स्वतःच स्वतःला फळवते, त्यामुळे कलमाच्या फांदीवर चिकटून गेलेले एक पिल्लूसुद्धा नवी वस्ती उभी करू शकते. ढालकिड्याला जोडीदार लागतो. मग मूठभर ढालकिड्यांची वस्ती टिकते कशी?

याचे एक उत्तर हार्लेक्विन ढालकिड्यात सापडले. हार्मोनिया ॲक्सिरिडिस हे त्याचे शास्त्रीय नाव, मायदेश सायबेरिया, चीन, कोरिया, जपान. अमेरिकेत तो १९१६ पासून अनेकदा सोडला गेला आणि दर वेळी विरून गेला. १९८८ मध्ये लुइझियानात तो नांदताना आढळला आणि त्यानंतर त्याला कोणी थांबवू शकले नाही. युरोपात १९९५ पासून मावा खाण्यासाठी त्याची विक्री झाली. २००४ मध्ये तो इंग्लंडात पोहोचला. दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकाही सुटली नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी ठिकठिकाणच्या भुंग्यांच्या जनुकांतल्या खुणा ताडून पाहिल्या आणि २०१० मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. युरोप, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका इथले हार्लेक्विन थेट आशियातून आलेले नव्हते. ते पूर्व अमेरिकेत नव्याने वसलेल्या वस्तीचे वंशज होते. तिथे एकदा जम बसला आणि पुढच्या सगळ्या स्वाऱ्या त्या तळावरून निघाल्या. युरोपातल्या भुंग्यांत तर विक्रीसाठी वाढवलेल्या वाणाचे रक्तही मिसळलेले निघाले. एका देशाने सोडलेला भुंगा दुसऱ्या देशाने विकलेल्या भुंग्याशी तिसऱ्या ठिकाणी जुळला, हे कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नव्हते.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने भावंडांची भावंडांशी जोडी लावून पाहिली. मायदेशीच्या हार्लेक्विनमध्ये अपेक्षेप्रमाणे पुढची पिढी रोडावली. फैलावलेल्या वस्त्यांतल्या भुंग्यांमध्ये तो तोटा जवळजवळ दिसलाच नाही. वाटेतल्या अरुंद जागी, जेव्हा संख्या थोडी होती, तेव्हा घातक जनुके बाळगणारे मरून गेले आणि उरले ते त्या ओझ्यातून मोकळे झाले. संख्या फारच घटली असती तर वस्ती संपली असती. फार मोठी राहिली असती तर दोष लपूनच राहिले असते. मधल्या कुठल्यातरी आकड्यावर चाळण बसली. मला हे निष्कर्ष भयंकर महत्त्वाचे वाटतात. कारण वारंवार थोडे थोडे भुंगे सोडणे आणि प्रत्येक वेळी ते मेले म्हणून निश्चिंत होणे, हा प्रकार किती धोक्याचा असू शकतो ते यातून कळते. हार्लेक्विन बहात्तर वर्षे अपयशी ठरला होता.

त्याच्या रंगांचीही कथा आनुवंशिकीत मानाची आहे. लाल अंगावर काळे ठिपके, काळ्या अंगावर दोन लाल डाग, चार डाग, नुसताच पिवळसर. एकाच जातीत दोनशेहून अधिक रूपे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी आक्रमणामुळे चीनच्या आतल्या डोंगराळ मुलखात हललेल्या चच्यांग विद्यापीठात तान च्याचेन यांनी या रूपांच्या जोड्या लावल्या आणि १९४६ मध्ये दाखवून दिले की संकरित पिल्लाच्या पंखावर आई-बाप दोघांचेही काळे भाग उमटतात. ज्या जागी दोघांपैकी एकाचाही काळा असेल ती जागा काळी. २०१८ मध्ये जपानमधील आणि फ्रान्समधील संशोधकांनी स्वतंत्रपणे ते जनुक शोधले. पॅनियर हे त्याचे नाव, आणि मुख्य रूपांची बहुतेक विविधता त्या एका जनुकाच्या फेरफारांतून येते. बागेत उभ्या असलेल्या माणसाला यातून एक साधा धडा आहे. ठिपके मोजून ढालकिड्याची जात ठरवू नये. आपल्या कायलोमिनिसमध्येही काळ्या पट्ट्यांची ठेवण प्रत्येकात सारखी नसते. आणि वांग्याच्या पानांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगा हा ढालकिड्याच्याच कुळातला, पण शुद्ध पानखाऊ आहे. ठिपके पाहून त्याला मित्र मानणारे आणि त्याच्यापायी खऱ्या मित्रावर फवारा मारणारे, दोन्ही प्रकार घडतात.

हार्लेक्विनने जिथे पाय रोवले तिथल्या देशी ढालकिड्यांचे काय झाले? तो मावा खातो, मावा संपला की दुसऱ्या ढालकिड्यांची अंडी आणि पिल्ले खातो. त्याच्या आगमनानंतरच्या पाच वर्षांत दोन ठिपक्यांच्या देशी ढालकिड्याचा आढळ ब्रिटनमध्ये ४४ टक्क्यांनी आणि बेल्जियममध्ये ३० टक्क्यांनी घसरला. २०१३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. हार्लेक्विनच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी असतो. त्याला स्वतःला तो बाधत नाही, पण सात ठिपक्यांच्या ढालकिड्यात टोचला तर तो ढालकिडा मरतो. अमेरिकेतला दाखला तितकाच बोलका आहे. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये नऊ ठिपक्यांचा ढालकिडा राज्यकीटक म्हणून स्वीकारला, तेव्हा तो तिथे दिसेनासा झालेला होता. बाहेरचा सात ठिपक्यांचा आणि मागून हार्लेक्विन, या दोघांच्या फैलावाशी त्या घसरणीचा संबंध जोडला जातो. कॉर्नेल विद्यापीठाने शाळकरी मुलांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांना ढालकिड्यांचे फोटो पाठवायला सांगितले आणि २०११ मध्ये लाँग आयलंडवरच्या एका शेतात तो पुन्हा दिसला.

रोडोलिया आणि हार्लेक्विन या दोघांत एवढा फरक का? रोडोलियाचे खाणे आयसेरिया आणि तिच्या जवळच्या भाऊबंदांपुरते. कीड संपली की तोही आटतो, कीड दिसली की वाढतो. हार्लेक्विन मिळेल ते खातो. कोबेले यांना ऑस्ट्रेलियात सापडलेला भुंगा नेमका चोखंदळ खाणारा निघाला, यात नशिबाचा वाटा होता. पुढच्या काळात नशिबावर न विसंबता आधी खाणे तपासायला हवे होते. माझे मत स्पष्ट आहे. परका ढालकिडा आणू नये असे मी म्हणणार नाही, आयसेरियासारख्या किडीवर दुसरा उपाय सापडला नसता. पण जो पाच प्रकारचे खाद्य खातो त्याला नव्या मुलखात सोडणे, मग तो कितीही भरभर मावा खात असो, हे पुढच्या पिढीच्या बागेवर कर्ज काढण्यासारखे आहे.

क्रिप्टोलिमस या दोघांच्या मधला आहे. पिठ्या ढेकूण हे त्याचे आवडते खाद्य, पण खवले किडीही तो घेतो. प्रयोगशाळेत त्याला लाल भोपळ्यावर वाढवतात; भोपळ्यावर पिठ्या सोडतात, पिठ्या माजला की त्यावर भुंगे. एका लहान जोडसंचातून वर्षानुवर्षे याच रीतीने पिढ्या निघाल्या तर दोन गोष्टी होतात. जनुकांचा विस्तार आक्रसतो, आणि भोपळ्यावर, बंद खोलीत, एकसारख्या तापमानात जगायला जो योग्य तोच निवडला जातो. असा भुंगा सौंसरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे चाललेला असताना सोडला तर त्याच्याकडून काम होण्याची आशा धरू नये. मूळचा तो सौम्य हवेचा प्राणी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्यात त्याला संधी आहे. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरीने झाकलेली असते आणि हुबेहूब पिठ्यासारखी दिसते. विकत आणलेल्या भुंग्याची पिल्ले पिठ्या समजून फवारून मारल्याची उदाहरणे दक्षिणेत आणि महाराष्ट्रात पुष्कळ. अळी पिठ्यापेक्षा मोठी होते आणि फांदीवर चपळ चालते, ही ओळख मजुरांनाही दाखवून ठेवावी. झाडावर मुंग्यांच्या रांगा असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा, कारण मुंग्या गोड चिकट्यासाठी पिठ्याची राखण करतात आणि भुंग्याला टिकू देत नाहीत.

या पुस्तकात पुढे जातींची वर्णने, जीवनक्रम आणि आनुवंशिकीच्या पद्धती सविस्तर येतील. वाचकाने आनुवंशिकीची प्रकरणे अवघड म्हणून सोडू नयेत, अशी माझी विनंती आहे. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था १९८५ पासून या पट्ट्यासाठी काम करते आहे, छिंदवाड्याजवळ चंदनगावला जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र आहे, आणि देशभरच्या उपयुक्त कीटकांचा संग्रह बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे आहे. संस्था आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचवायला बागेतली नोंद लागते, आणि ती बागाईतदारच करू शकतो. आज आपल्या संत्र्यावर कोणते देशी ढालकिडे किती आहेत हे लिहून ठेवले नाही, तर उद्या एखादा परका शिरला आणि इथले कमी झाले तरी ते सिद्ध करायला हाती काही नसेल. ब्रिटनला ४४ टक्क्यांचा आकडा सांगता आला, कारण तिथे आधीच्या वर्षांच्या नोंदी होत्या.

म्हणून पांढुर्णा आणि सौंसरच्या बागाईतदारांना सांगणे एवढेच. आंबियाची आणि मृगाची नवती फुटेल तेव्हा फवाऱ्याच्या आधी दहा झाडांचे शेंडे पाहा, दिसलेल्या ढालकिड्याचा, त्याच्या अळीचा आणि अंड्यांच्या पिवळ्या पुंजक्याचा फोटो काढा, तारीख आणि गाव लिहा. भुंग्याचे पाकीट विकत घेताना जातीचे पूर्ण नाव, कुठल्या प्रयोगशाळेतले आणि कशावर वाढवलेले, हे विक्रेत्याकडून लिहून मागा; नाव सांगता येत नसेल तर ते पाकीट घेऊ नका. आणि परदेशातून कोणी हौसेने किंवा धंद्यासाठी भुंगे आणतो म्हणाला, तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवान्याशिवाय तसे करता येत नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.